कमला सोहोनी: बंगळूरचा दरवाजा, केंब्रिजचा बटाटा आणि आपले वाल

विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री कोण आणि तिचे शिक्षण कसे झाले, असे आपण विचारले आहे. त्या म्हणजे डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. लेखिका दुर्गा भागवत त्यांच्या थोरल्या भगिनी. (वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांना १९३१ मध्येच मिशिगन विद्यापीठाची डी.एस्सी. ही विज्ञानातील डॉक्टरेट मिळाली होती; ती पीएच.डी.हून वेगळी पदवी असली, तरी हेही लक्षात असू द्यावे.)

वडील आणि काका दोघेही बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. त्यामुळे १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. होताच कमलाबाईंनी तेथेच अर्ज केला. संचालक सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून तो नाकारला, तेव्हा त्या बंगळूरला जाऊन धडकल्या आणि कारण लेखी द्या, असा आग्रह धरून बसल्या. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर: पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नाही, आणि त्यांच्यामुळे प्रयोगशाळेतील वातावरण बिघडता कामा नये. ही दुसरी अट वाचताना मला आजही संताप येतो. कमलाबाईंनाही तो अपमान अखेरपर्यंत सलत होता. तेथील शिक्षक श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले आणि १९३६ मध्ये एम.एस्सी. मिळवली.

केंब्रिजला न्यूनहॅम कॉलेजातून त्यांनी वनस्पतींच्या श्वसनावर संशोधन केले. पेशींच्या श्वसनात इलेक्ट्रॉन पुढे पोहोचवणारे सायटोक्रोम सी हे प्रथिन त्यांना बटाट्यात सापडले. अवघा चाळीसेक पानांचा प्रबंध लिहून त्यांनी १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली आणि त्याच वर्षी त्या मायदेशी परतल्या.

मला त्यांचे पुढचे काम अधिक मोलाचे वाटते. दिल्ली आणि कुन्नूर येथे काम करून विवाहानंतर १९४७ मध्ये त्या मुंबईला आल्या. येथील विज्ञान संस्थेत त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी गरिबांना परवडणाऱ्या अन्नाचा, म्हणजे नीरा आणि कडधान्यांचा, कसून अभ्यास केला. कच्च्या कडधान्यांत ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारी प्रथिने असतात. जीवरसायनशास्त्र शिकवताना हा भाग आला की मी वर्गात वालाच्या बिरड्याचे उदाहरण देतो: वाल भिजवून, मोड आणून, सोलून आपण ते नीट शिजवतो, तेव्हा त्या उष्णतेने ही प्रथिने बऱ्याच अंशी निकामी होतात आणि वालातील पोषण अंगी लागते.