भाषेच्या शंका : ‘असावा’ की ‘असावे’?

प्रश्न : ‘तो घरी असावा’ आणि ‘त्याने घरी असावे’ ही दोन्ही वाक्ये मुलीच्या व्याकरणाच्या पुस्तकात विध्यर्थाखाली आहेत. पहिला अंदाज, दुसरे कर्तव्य. मग प्रकार एकच कसा?

उत्तर : स्वार्थ (साधे विधान), आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ (अट) हे प्रकार क्रियापदाच्या रूपावरून ठरतात. ‘-वा, -वी, -वे’ लागले की विध्यर्थ, मग त्यातून कर्तव्य निघो, इच्छा, शक्यता किंवा तर्क. यातले नेमके काय, हे बऱ्याचदा कर्ता सांगतो. माणसाला ‘ने’ लागला आणि क्रियापद ‘-वे’ झाले, तर कर्तव्य. कर्ता प्रथमेत (प्रत्ययाविना) राहिला आणि क्रियापद त्याच्यामागे गेले (तो असावा, ती असावी), तर बहुधा तर्क.

घोटाळा होतो तो इथे : ‘त्याने पुस्तक वाचले असावे.’ ‘ने’ आहे, तरी हा तर्कच. ‘असावे’ काढून पाहा. ‘त्याने पुस्तक वाचले’ यात ‘ने’ आधीपासून आहे. तो सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळाने आणला, विध्यर्थाने नव्हे. ‘मी’, ‘तू’ यांना तर ‘ने’ दिसतच नाही. तिथे शेपूट बघायचे : ‘तू तेव्हा पुण्यात असावास’ हा अंदाज, ‘तू तेव्हा पुण्यात असावेस’ ही अपेक्षा. निर्जीव कर्त्यापुढे मात्र ही खूण चालत नाही. ‘चहा कडक असावा’ ही आवड की तर्क, ते मागचापुढचा संदर्भच सांगेल. अडलात तर ‘बहुतेक असेल’ घालून वाचा. बसले तर तर्क.

प्रश्न : ‘पाऊस पडला तर पीक येईल’ हा संकेतार्थ ना? ‘तर’ आहे.

उत्तर : काही मार्गदर्शक पुस्तके तसे छापतात, पण आम्हाला ते पटत नाही. ‘पडला’ हे लाख्यात (‘ला’चे भूतकाळी रूप), ‘येईल’ हे ईलाख्यात (‘ईल’चे भविष्यकाळी रूप). दोन्ही साधे स्वार्थ. अट ‘तर’ने घातली आहे, क्रियापदाने नाही. ‘पाऊस पडला असता, तर पीक आले असते’ हा खरा संकेतार्थ : पाऊस पडला नाही, हे ‘असता-असते’च सांगून टाकते. संस्कृतात यासाठी लृङ् हा वेगळा लकारच (क्रियापदाच्या रूपांचा गट) आहे आणि योगायोगाने त्याचे ठरलेले उदाहरणही पावसाचेच : ‘सुवृष्टिश्चेदभविष्यत् तदा सुभिक्षमभविष्यत्’ (सुवृष्टी झाली असती, तर सुकाळ झाला असता). तिथे ‘अभविष्यत्’ या एका पदात भागते. मराठीला ‘झाली असती’ अशी दोन लागतात.