स्वस्त लॅपटॉपचा महाग भाग कोणता?

शाळांसाठीच्या स्वस्त लॅपटॉपबद्दल आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न निवडले आहेत. पहिला मोठा आहे, कारण बाकीच्यांची निम्मी उत्तरे त्यातच आहेत.

प्रश्न : अंधेरीची एक कंपनी आमच्या शाळेला ४० जुने लॅपटॉप देऊ करते आहे. फुकट मिळताहेत म्हणून नाही म्हणवत नाही, पण नंतर डोकेदुखी नको. घेताना काय पाहावे?
— मुख्याध्यापिका, अनुदानित शाळा, गोवंडी

सध्या कार्यालयांतून असे लॅपटॉप भराभर बाहेर पडताहेत, त्याला कारण आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे मोफत सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची धडधाकट यंत्रे कंपन्यांनी बाजूला काढली. विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकली की शाळेच्या कामाला ती पुष्कळ आहेत. तेव्हा देणगी नाकारू नका, फक्त पावती लिहून देण्याआधी एक दिवस मागून घ्या आणि प्रत्येक नग तपासा.

सुरुवात कुलुपांपासून करा. लॅपटॉप सुरू करून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधीच्या सेटिंगच्या पानावर, जा (कंपनीप्रमाणे एफ१, एफ२ किंवा एफ१०). तिथे पासवर्ड मागितला तर तो देणाऱ्याकडूनच काढून घ्या. कितीतरी बिझनेस मॉडेलांत हा पासवर्ड विसरला तर मदरबोर्ड बदलण्यावाचून सरळ मार्ग उरत नाही. दुसरे कुलूप दिसत नाही. यंत्र कंपनीच्या दूरनियंत्रण यादीत राहिले असेल, तर नव्याने विंडोज टाकून इंटरनेट जोडताच कंपनीचेच लॉगिन पान उभे राहते. कंपनीच्या आयटी विभागाकडून सगळे सिरियल नंबर त्या यादीतून काढल्याचे पत्र घ्या. देणगीपत्रापेक्षा या पत्राचा उपयोग जास्त.

मग डिस्क. माहितीच्या सुरक्षेसाठी बऱ्याच कंपन्या ती काढून घेतात, आणि ते योग्यच आहे. पण डिस्कबरोबर तिची चौकट आणि जोडणारी छोटी पट्टीवजा केबलही निघून जाते. नवी एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) आणल्यावर ती बसवायला काहीच नाही, हे तेव्हा कळते. डिस्क ठेवून घ्या, पण चौकट, केबल आणि स्क्रू द्या, असे आधीच सांगा. २५६ जीबीची एसएसडी पुरते. छोट्या पट्टीसारख्या एम-टू एसएसडी दोन जातींच्या असतात, साटा आणि एनव्हीएमई. दिसायला जवळजवळ सारख्या, पण एकीच्या जागी दुसरी चालेलच असे नाही. रॅमचेही तेच. सहाव्या पिढीत डीडीआर-थ्री-एल आणि डीडीआर-फोर दोन्ही सापडतात आणि दोघांच्या खाचा वेगळ्या असतात. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात खरेदीला जाताना जुना भाग खिशात घालून न्या. नुसते मॉडेलचे नाव सांगून चुकीचा भाग हातात पडतो.

बॅटरीसाठी दोन आकडे पाहायचे : मुळातली क्षमता आणि आता पूर्ण चार्ज झाल्यावरची क्षमता. विंडोजच्या बॅटरी रिपोर्टमध्ये आणि लिनक्सच्या पॉवर स्टॅटिस्टिक्समध्ये दोन्ही दिसतात. आताची क्षमता मुळातल्या क्षमतेच्या ६० टक्क्यांच्या खाली असेल तर ते यंत्र वायर लावूनच चालवायचे, असे धरून चाला. टचपॅड वर आलेले दिसले, खालचे झाकण फुगलेले दिसले किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगला, तर बॅटरी फुगली आहे. ते यंत्र चार्जिंगला लावू नका, बॅटरी दाबून बसवण्याचा प्रयत्न तर मुळीच नको.

ॲडॉप्टर मोजून घ्या, आणि मूळ कंपनीचेच घ्या. डेलच्या गोल पिनच्या मधली बारीक सुई यंत्राला ॲडॉप्टरची ओळख देते. ती वाकली किंवा स्वस्त नकली ॲडॉप्टर लावला, तर लॅपटॉप चालतो पण बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसर मुद्दाम मंद होतो. मग ‘जुने आहे, स्लो चालणारच’ असे म्हणून यंत्र अडगळीत जाते, आणि दोष निघतो एका सुईत.

आता सगळ्यात महत्त्वाचे : ४० पैकी जास्तीत जास्त एकाच मॉडेलचे मागा. सहा मॉडेलांच्या ४० लॅपटॉपांपेक्षा एका मॉडेलचे २८ बरे. एकाचा कीबोर्ड दुसऱ्याला बसतो, स्क्रीन बसते, बिजागरी बसते. चाळीस एकसारखे मिळालेच, तर ३२ वर्गात ठेवा, ४ अदलाबदलीला कपाटात आणि सगळ्यात वाईट ४ सुट्या भागांसाठी. हे वाया घालवणे नव्हे. तिसऱ्या वर्षी वर्ग चालू राहतो तो याच चारांच्या जिवावर.

सॉफ्टवेअर टाकण्यात आठवडा घालवू नका. ४ जीबी रॅम असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या. एक यंत्र मनासारखे तयार करा, क्लोनझिला या मोफत सॉफ्टवेअरने त्याच्या डिस्कची हुबेहूब प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि तीच प्रत बाकीच्यांवर उतरवा. नमुन्याचे यंत्र सगळ्यात लहान डिस्कवर तयार करा, कारण मोठ्या डिस्कवरची प्रत लहानीवर सहजी उतरत नाही. प्रत उतरल्यावर प्रत्येकाचे नाव आणि मशीन आयडी (यंत्राचा आतला ओळख क्रमांक) बदला. तेच नाव झाकणावर ऑइल पेंटने लिहा, स्टिकर पावसाळ्यात सुटतात. मुलांच्या खात्याला ॲडमिनचे अधिकार देऊ नका.

प्रश्न : वर्गात दोनच सॉकेट आहेत. एक्स्टेंशन बोर्ड जोडत जोडत तीस लॅपटॉप चार्ज केले तर चालेल का?
— संगणक शिक्षक, कुर्ला

नाही. साध्या सॉकेटची मर्यादा ६ अँपिअर, म्हणजे २३० व्होल्टला सुमारे १,३८० वॅट. ६५ वॅटचे ३० ॲडॉप्टर पूर्ण भाराने १,९५० वॅट ओढू शकतात. बोर्डाला बोर्ड जोडला की सगळा भार पहिल्या बोर्डाच्या पिनांवर येतो. पिन सैल असेल तर तिथेच प्लास्टिक वितळायला लागते. मुंबईच्या दमट हवेत पिनांवर गंज लवकर चढतो, त्यामुळे हा धोका इथे जास्तच.

परवानाधारक वायरमनकडून १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट काढून घ्या. त्याला वेगळा एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की ती तोडणारा स्विच) असावा. अर्थिंग खरोखर आहे का हे टेस्टरने नव्हे, मीटरने तपासून घ्या. जुन्या इमारतींत तिसरे भोक असते, त्यामागे तार नसते. ‘लॅपटॉपला हात लावला की मुंग्या येतात’ ही तक्रार बहुधा इथूनच येते.

तीस यंत्रांच्या १५-१५ च्या दोन तुकड्या करून आळीपाळीने चार्ज करा. एका तुकडीला फार तर ९७५ वॅट, म्हणजे सव्वाचार अँपिअर लागतील. तरीही पंधराही बटणे एकदम दाबू नका. ॲडॉप्टर सुरू होतानाच्या क्षणी प्रवाहाचा झटका मोठा असतो आणि एमसीबी पडतो. पाच-पाच करून लावा. सगळे तीस एकाच आरसीसीबीवर एकदम घेऊ नका, ही त्यातली मेख. प्रत्येक ॲडॉप्टरमधून किंचित गळती होतच असते, तीस ठिकाणची मिळून आरसीसीबी विनाकारण पडू शकतो, आणि मग कोणीतरी वैतागून तो काढूनच टाकतो.

विजेच्या बिलाची चिंता नको. ४५ वॅट-तासांची बॅटरी रिकामी ते पूर्ण भरायला घट धरून ५५ ते ६० वॅट-तास लागतात. तीस यंत्रांना मिळून पावणेदोन युनिटांच्या आसपास.

चार्जिंगचे कपाट लोखंडी, मागे-पुढे जाळीचे आणि बाहेरच्या भिंतीपासून लांब ठेवा. पावसाळ्यात ओल त्या भिंतीतूनच येते. लॅपटॉप एकमेकांवर रचू नका, पुस्तकांसारखे उभे ठेवा. शाळा बंद झाल्यावर चार्जिंग बंद. मे महिन्याच्या सुटीआधी सगळ्या बॅटऱ्या ५० ते ६० टक्क्यांवर आणून यंत्रे पूर्ण बंद करा. रिकामी बॅटरी दीड महिना पडून राहिली की तिचा व्होल्टेज इतका उतरतो की आतले संरक्षक सर्किट तिला कायमची बंद करते. जूनमध्ये ‘चार्जच होत नाही’ म्हणून येणाऱ्या बॅटऱ्यांत अशा पुष्कळ असतात.

प्रश्न : शंभर डॉलरचा लॅपटॉप येणार म्हणून मोठी हवा झाली होती. तो गेला कुठे? कर्जतजवळ एका गावात दिला होता म्हणतात, खरे का?
— निवृत्त ग्रंथपाल, मुलुंड

खरे आहे. रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैरात इथल्या छोट्या शाळेत २००७ मध्ये भारतातला पहिला प्रयोग झाला. कल्पना अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या मीडिया लॅबचे निकोलस निग्रोपॉन्टे यांची : विकसनशील देशांतल्या प्रत्येक मुलाला स्वतःचा लॅपटॉप, किंमत १०० डॉलर. २००५ मध्ये दावोसला घोषणा झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्युनिसला हाताने फिरवायच्या दांड्यासह नमुना दाखवला गेला. दांडा लवकरच गेला, कारण लॅपटॉपच्या सांगाड्याला तो पीळ सोसत नव्हता.

एक्सओ नावाचे जे यंत्र २००७ च्या अखेरीस कारखान्यातून निघू लागले, ते त्या काळाच्या मानाने विलक्षण होते. ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, १ जीबी फ्लॅश, पंखा नाही, फिरणारी डिस्क नाही, रबरी हिरवा कीबोर्ड. भर उन्हात वाचता येणारा साडेसात इंची पडदा ही त्याची खरी करामत. किंमत मात्र सुरुवातीलाच १८८ डॉलरच्या घरात गेली. शंभर डॉलरचा हिशेब लाखोंच्या मागण्यांवर बेतला होता आणि तेवढ्या मागण्या आल्याच नाहीत. भारताच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्येच नकार दिला होता.

उरुग्वेने वेगळा मार्ग धरला. २००७ मध्ये एका गावापासून सुरुवात करून २००९ अखेर सरकारी प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाच्या हाती लॅपटॉप पोचवला. त्यासाठी ‘सेइबाल’ ही स्वतंत्र यंत्रणा उभारली, शाळांना इंटरनेट दिले आणि दुरुस्तीची सोय केली. पेरूने संख्येने त्याहून जास्त वाटले. तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. गणित आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही, आकृत्यांवरून तर्क करण्याच्या चाचण्यांत थोडी वाढ दिसली. बहुतेक शाळांत इंटरनेट नव्हते आणि शिक्षकांना यंत्र धड्यात कसे ओवायचे याचे पुरेसे प्रशिक्षण नव्हते. ‘लॅपटॉप निरुपयोगी’ असा निष्कर्ष यातून काढणे घाईचे होईल. वाटप आणि वापर या दोन वेगळ्या खर्चाच्या बाबी आहेत, एवढे मात्र ठळक दिसते.

आपल्याकडचा ‘आकाश’ टॅबलेट ऑक्टोबर २०११ चा. सरकारला तो साधारण २,२७६ रुपयांना पडला. पहिल्या आवृत्तीचा पडदा दाब देऊन चालणारा होता, रॅम २५६ एमबी आणि बॅटरी तोकडी. नंतर काम पवईच्या आयआयटीकडे आले आणि २०१२ च्या आकाश-२ मध्ये पडदा, प्रोसेसर दोन्ही सुधारले. मुंबई महापालिकेनेही २०१५ मध्ये आठवीच्या मुलांना पाठ्यपुस्तके भरलेले टॅब दिले. वाचायला, पाहायला टॅब ठीक. निबंध लिहायला, तक्ता करायला, प्रोग्रॅम लिहायला कीबोर्डच हवा.

प्रश्न : शाळेत इंटरनेट धड चालत नाही, आणि मुलांना मराठी टाइप करता येत नाही. मग लॅपटॉपवर करायचे काय?
— शिक्षिका, धारावी

इंटरनेटची वाट पाहू नका. देणगीतलाच एक लॅपटॉप सर्व्हर करा. त्याची बॅटरी चांगली असेल तर वेगळा यूपीएसही लागत नाही. त्यावर कोलिब्री आणि किविक्स ही दोन मोफत सॉफ्टवेअर टाका. पहिल्यात धडे आणि सराव भरता येतात, दुसऱ्यात सगळा मराठी विकिपीडिया मावतो. ई-बालभारतीची पुस्तके पीडीएफमध्ये उतरवून तिथेच ठेवा. हे सगळे एकदा चांगल्या जोडणीवर उतरवायचे, मग वर्गात फक्त वायफाय लागते.

वायफायसाठी घरगुती राउटरवर तीस मुले बसवलीत तर तो गळपटतो. एका वेळी तीस जोडण्या झेपणारा ॲक्सेस पॉइंट (फक्त वायफाय देणारे, जास्त ताकदीचे उपकरण) घ्या आणि ५ गिगाहर्ट्झ वापरा. धारावीसारख्या दाट वस्तीत २.४ गिगाहर्ट्झवर शेजारच्या पन्नास राउटरांची गर्दी असते. लॅपटॉप जुना असून ५ गिगाहर्ट्झ पकडत नसेल, तर १, ६ आणि ११ पैकी सगळ्यात मोकळा चॅनल निवडा. व्हिडिओ ४८० पिक्सेलच्या वर ठेवू नका.

टायपिंगसाठी आमचे मत स्पष्ट आहे : इनस्क्रिप्ट, म्हणजे थेट मराठी अक्षरांची कीबोर्ड मांडणी, शिकवा. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची पद्धत मोठ्यांना सोपी वाटते, पण ज्या मुलाचे इंग्रजी स्पेलिंगच कच्चे आहे त्याला आपल्या भाषेसाठी तो द्राविडी प्राणायाम कशाला? इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, एवढे कळले की निम्मे काम झाले. शिफ्ट धरून ‘एन’ दाबले की ळ येतो. ‘सुऱ्या’ किंवा ‘दऱ्या’ लिहिताना अडते, तिथे शिफ्टसह ‘जे’, मग ‘डी’, मग तिरकी रेघ. रोज पंधरा मिनिटे द्या, आठवड्यातून एकदा तासभर देऊन बोटांना सवय लागत नाही. आणि श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टमधल्या जुन्या प्रश्नपत्रिका उघडल्यावर अगम्य चिन्हे दिसली तर यंत्राला दोष देऊ नका, त्या युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांवर वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदलून घ्याव्या लागतात.

प्रश्न : मुलांना लॅपटॉप घरी द्यावेत का? आणि मेलेल्या बॅटऱ्या भंगारवाल्याला दिल्या तर चालतील?
— विश्वस्त, रात्रशाळा, परळ

पहिले वर्ष नको. त्यानंतर ग्रंथालयासारखे द्या : शुक्रवारी न्यायचा, सोमवारी आणायचा, नोंदवहीत पालकांची सही. बॅटरी दोन तास टिकत असेल तर ॲडॉप्टर देऊच नका. आधी हरवतो तो ॲडॉप्टर, आणि घरातल्या एकुलत्या एक सॉकेटवर लॅपटॉप आणि मोबाइलचे भांडणही टळते. पाणी सांडले तर काय करायचे ते मुलाला पाठ हवे : बटण दाबून धरून यंत्र बंद करायचे, वायर काढायची, उलटे तंबूसारखे ठेवायचे आणि सुरू होते का हे अजिबात पाहायचे नाही.

भंगारात देऊ नका. लिथियमची बॅटरी गोणीत दाबली गेली, भोसकली गेली की पेटते. काढलेल्या बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावा. फुगलेल्या बॅटऱ्या कोरड्या वाळूच्या लोखंडी डब्यात, वर्गापासून दूर ठेवा. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि बॅटऱ्यांसाठी २०२२ चेच वेगळे नियम आहेत. नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रालाच माल द्या आणि वजनासह पावती घ्या. आठ-दहा बॅटऱ्यांसाठी कोणी गाडी पाठवत नाही, म्हणून आसपासच्या दोन-तीन शाळांनी मिळून वर्षातून एकदा बोलवावे.