माझी मुलगी १५ वर्षांची आहे, ८०० मीटर धावते. पुढच्या वर्षीच्या ज्युनियर वर्ल्ड चॅम्पियनशिपची तयारी करावी का?

तुम्ही लिहिलंय की मुलीचा जन्म नोव्हेंबर २०१० चा, दहावीत आहे, नाशिकलाच सकाळच्या बॅचला जाते, ८०० चा बेस्ट टाइम २:२४ आणि तिचे सर म्हणतायत की २०२६ ची ज्युनियर वर्ल्ड धरून आत्तापासून दोन टाइम प्रॅक्टिस सुरू करू, क्लास वगैरे बंद करा. मी पण नाशिकचीच, शाळा-कॉलेजात ८०० आणि १५०० धावले, आता नोकरी सांभाळून सकाळी साडेपाचला पोरापोरींना पळवते, बारा वर्षं झाली त्याला. म्हणून स्पष्टच सांगते, २०२६ डोक्यातून काढून टाका. २०२८ मात्र जरूर डोक्यात ठेवा, आणि का ते सांगते, जरा लांबेल.

आधी स्पर्धा काय आहे ते. १९८६ साली अथेन्सला सुरू झाली, तेव्हा नाव वर्ल्ड ज्युनियर होतं, २०१६ पासून अंडर-२० म्हणतात पण आपल्याकडे सगळे अजून ज्युनियर वर्ल्डच म्हणतात. दर दोन वर्षांनी असते. २०२४ ला लिमाला झाली, आता ऑगस्ट २०२६ ला अमेरिकेत युजीनला आहे. वयाचा नियम असा की ज्या वर्षी स्पर्धा त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला वय १६, १७, १८ किंवा १९ पाहिजे. म्हणजे तुमची मुलगी २०२६ ला कागदावर बसते, प्रत्यक्षात धावायच्या दिवशी ती पंधराचीच असेल आणि शेजारच्या लेनमध्ये एकोणीस वर्षांची बाई असेल, बाईच म्हणायचं, त्या वयात चार वर्षांचा फरक म्हणजे फार झाला. २०२८ ला ती १८ ची होईल, तेव्हा पण बसते. २०३० ला २० पूर्ण, बाद. म्हणजे तिच्या हातात खऱ्या अर्थाने एकच ज्युनियर वर्ल्ड आहे. सम सालात जन्मलेल्या सगळ्याच पोरांचं हे असं होतं, १९ व्या वर्षी त्यांना ही स्पर्धाच मिळत नाही, २०११ वाल्या मुलीला मात्र २०३० ला मिळेल. हे बऱ्याच पालकांच्या लक्षातच येत नाही आणि मग सतराव्या वर्षी धावपळ सुरू होते. पण सम सालवाल्यांना जमत नाही असं अजिबात नाही, हिमा दास जानेवारी २००० ची, १८ व्या वर्षीच जिंकली.

आता टाइम. २:२४ वाईट नाही, पंधराव्या वर्षी चांगला आहे, मी तर खूश झाले असते. पण २०२२ ला कोलंबियातल्या कालीला झालेल्या ज्युनियर वर्ल्डमध्ये मुलींची ८०० अमेरिकेच्या रॉइसिन विलिसने १:५९.१३ ला जिंकली. पंचवीस सेकंद ऐकायला कमी वाटतात म्हणून मीटरमध्ये सांगते. ती मुलगी फिनिश लाइन ओलांडेल तेव्हा तुमची मुलगी जवळपास १४० मीटर मागे असेल, म्हणजे शेवटच्या बेंडवरच, होम स्ट्रेट, म्हणजे फिनिशकडे जाणारा शेवटचा सरळ तुकडा, अजून सुरू पण झालेला नसेल. बरं फायनलचं सोडा, एका देशाला एका इव्हेंटमध्ये दोनच जण उतरवता येतात, म्हणजे आधी भारतात पहिल्या दोनात यायचं, वर फेडरेशनने, म्हणजे देशाच्या अ‍ॅथलेटिक्स संघटनेने, ठरवलेला टाइम मारायचा, तेव्हा कुठे विमानाचं तिकीट. हा अंतराचा हिशोब मी तुम्हाला घाबरवायला लिहीत नाहीये. आठ-नऊ महिन्यांत पंचवीस सेकंद कोणीच कमी करू शकत नाही आणि जो करून दाखवतो म्हणतो तो मुलीच्या पायांवर जुगार खेळतोय, एवढंच सांगायचंय.

कोणीतरी तुम्हाला उसेन बोल्टचं उदाहरण देईलच. खरं आहे ते, २००२ ला किंग्स्टनला तो पंधराव्या वर्षी २०० मीटर जिंकला, घरच्या प्रेक्षकांसमोर, टेन्शनमध्ये बूट उलटे घातले होते असं तो स्वतः सांगतो. पण बोल्ट एकच झाला.

मी माझ्या बॅचला कायम हिमाची रेस दाखवते. जुलै २०१८, फिनलंडमधलं टॅम्पेरे, ४०० मीटरची फायनल. आदल्या रात्री झालेली, आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर पाहिली, पाऊस भुरभुरत होता, एका पोरीच्या ओढणीखाली मोबाईल धरून चौदा जण वाकलेले. हिमा चौथ्या लेनमध्ये, शेवटच्या बेंडपर्यंत मागे, बघणाऱ्याला वाटतं गेली आता ही रेस. आणि मग होम स्ट्रेटला ती एकेकीला गाठत येते. ५१.४६. नीट बघितलंत तर कळतं की तिने शेवटी काही जादूने स्पीड वाढवलेला नाही, बाकीच्या तुटत जातात आणि हिची ढब मोडत नाही, खांदे खालीच, हात सरळ. ट्रॅकवरच्या शर्यतीत जागतिक पातळीवर भारताचं ते पहिलं गोल्ड. माझ्या पोरींनी ती रेस अकरा वेळा लावली. हीच मुलगी आधी आसाममध्ये धिंगजवळच्या गावात फुटबॉल खेळत होती, लहानपणापासून कोणी तिला दोन टाइम ट्रॅकवर घासलेलं नव्हतं.

तिच्या आधी दोन वर्षं नीरज. बिडगोश्च, पोलंड, २३ जुलै २०१६, ८६.४८ मीटर, ज्युनियरचा वर्ल्ड रेकॉर्ड. गोळा आणि थाळी ज्युनियर मुलांना हलकी असते, म्हणजे गोळा ७.२६ च्या जागी ६ किलोचा, पण भाला सीनियरचाच, ८०० ग्रॅम. त्यामुळे तो थ्रो कुठल्याही स्पर्धेत तेवढाच भारी होता. पण रिओ ऑलिंपिकच्या क्वालिफिकेशनची मुदत ११ जुलैलाच संपली होती, बारा दिवस उशीर झाला, आणि रिओत ब्राँझ ८५.३८ ला गेलं. मला आजही हे आठवलं की पोटात तुटतं. पण बघा, घाई न करता पाच वर्षांनी टोकियोला त्याने काय केलं ते सगळ्या देशाने पाहिलं.

आणि शैली सिंग, २०२१, नैरोबी (कोविडमुळे २०२० ची पुढे ढकललेली), लांब उडी, वय १७, ६.५९ मीटर. गोल्ड गेलं ६.६० ला. एक सेंटिमीटर. त्याच कालीला २०२२ मध्ये मेरठकडच्या एका छोट्या शेतकऱ्याची मुलगी रूपल चौधरी, तीन दिवसांत चार वेळा ४०० धावली, मिक्स्ड रिलेला सिल्व्हर आणि स्वतःच्या ४०० ला ५१.८५ मध्ये ब्राँझ. एकाच ज्युनियर वर्ल्डमध्ये दोन मेडल आणणारी पहिली भारतीय. तीन दिवसांत चार ४०० म्हणजे काय हे जो धावलाय त्यालाच कळेल, चौथ्या रेसला पाय सिमेंटचे होतात. ही ताकद सतरा-अठराव्या वर्षी येते, आणि येते ती तोपर्यंत शरीर धडधाकट ठेवलं असेल तर.

इथे माझं स्वतःचं सांगते कारण तुमचा प्रश्न वाचून मला तेच आठवलं. मी सोळाची असताना आमच्या तेव्हाच्या कोचनी मला सीनियर पोरांसोबत टाकलं, सकाळी-संध्याकाळी, त्यातलं निम्मं डांबरी रस्त्यावर. महिन्याभरात नडगी दुखायला लागली. आधी पळाल्यावर, मग पळताना, मग रात्री झोपेत. सर म्हणाले सगळ्यांनाच दुखतं, बाम लाव. नडगीच्या आतल्या बाजूला अंगठ्याने चाचपलं की एकाच ठिकाणी, एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत, अशी कळ यायची की डोळ्यांत पाणी. त्या पायावर मी तीन आठवडे अजून धावले. स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं, दोन सीझन गेले, आणि परत आले तेव्हा माझ्यासोबतच्या पोरी पुढे निघून गेल्या होत्या. म्हणून मुलीला रोज विचारा, कुठे दुखतं. पूर्ण नडगी ठणकते म्हणाली तर आराम द्या, बोट ठेवून एकच जागा दाखवली तर त्याच दिवशी पळणं बंद आणि हाडांच्या डॉक्टरकडे न्या.

दुसरं, हे वडील म्हणून तुम्हाला विचारायला अवघड वाटेल, तिच्या आईला विचारायला सांगा. पाळी नियमित येते का? खूप पळणाऱ्या आणि कमी खाणाऱ्या मुलींची पाळी थांबते आणि काही जण त्याला मेहनतीची खूण समजतात, तसं नाहीये, शरीराला खाणं पुरत नाहीये आणि हाडं कच्ची राहतायत याची ती खूण आहे. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, पण तपासून घ्या, हिमोग्लोबिन ठीक असून फेरिटिन तळाला गेलेल्या मुली मी पाहिल्यात, टाइम अडकतो आणि सगळे म्हणतात पोरगी आळशी झाली. भाकरी, डाळ, अंडी, शेंगदाण्याचा लाडू, पोटभर. दहावीचा क्लास अजिबात बंद करू नका.

औषधांचं पण आत्तापासून शिकवा. सीमा अंतिलने २००० साली सँटियागोच्या ज्युनियर वर्ल्डला थाळीफेकीत गोल्ड मारलं होतं आणि ते परत घेतलं गेलं, डोप टेस्टमध्ये स्यूडोएफेड्रिन सापडलं, सर्दीच्या औषधात असतं ते. दोन वर्षांनी किंग्स्टनला तिने ब्राँझ आणलं, जिद्दीची बाई, पण ते गोल्ड गेलंच. मेडिकलमधून आणलेली साधी गोळी असो की जिममधल्या कोणी दिलेला डबा, डॉक्टरला खेळाडू आहे हे सांगूनच घ्यायचं.

रस्ता कसा असतो तर शालेय स्पर्धा वेगळ्या आणि असोसिएशनच्या वेगळ्या, हे आधी समजून घ्या. शालेयमध्ये राज्याला पहिली आली म्हणून ज्युनियर वर्ल्डचं दार उघडत नाही. जिल्हा संघटनेत नाव नोंदवायचं, तिथून राज्य, मग ज्युनियर नॅशनल, ज्युनियर फेडरेशन कप, तिथले टाइम बघून टीम निघते. मध्ये एशियन अंडर-२० असते, ते ध्येय २०२८ च्या आधी ठेवायला छान आहे. जन्मदाखला मूळ आणि एकच ठेवा, दाखला, शाळेचं रेकॉर्ड, आधार सगळीकडे तीच तारीख. नॅशनलला वयाची तपासणी होते, मनगटाचा एक्स-रे काढतात. एखादा म्हणेल की वर्ष कमी करून आणतो दाखला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

आणि समजा २०२८ पण हुकली, तरी काय? आपल्या सावरपाड्याची कविता राऊत घ्या, दिल्लीच्या कॉमनवेल्थला १०,००० मीटरला ब्राँझ आणलं २०१० ला, ट्रॅकवर वैयक्तिक कॉमनवेल्थ मेडल आणणारी पहिली भारतीय महिला, तेव्हा ती २५ वर्षांची होती. नाशिकच्या मातीत पळणाऱ्या मुलींना इतका वेळ मिळाला पाहिजे, मी हे मनापासून म्हणते, इथली हवा, थंडी, चढउतार सगळं लांब पल्ल्याला चांगलं आहे, आपणच पोरींना अठराच्या आत संपवतो.

तर सरांशी भांडू नका, पण बसून बोला. दहावी होईपर्यंत आठवड्यातून पाच दिवस, एकच टाइम, जमेल तेवढं मातीवर, उरलेल्या दोनातला एक दिवस तरी पूर्ण सुट्टी. त्या पाचात एक दिवस चढाचा, एक दिवस छोटे फास्ट तुकडे पूर्ण विश्रांती घेऊन, बाकी आरामात पळणं आणि ड्रिल्स. वर्षाला तीन-चार सेकंद आपोआप जातात त्या वयात, ओढायला लागत नाहीत. मे महिन्यानंतर दिवस वाढवायचे का ते बघू.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीये, तिचा नुसत्या ४०० मीटरचा टाइम. तो कळवा, आणि २:२४ मारला तेव्हा पहिला लॅप किती सेकंदांत गेला तेही. ४०० ला ती ६२-६३ च्या आसपास असेल तर ८०० मध्ये बरंच काही शिल्लक आहे आणि पेसिंगवर, म्हणजे वेग नीट वाटून पळण्यावर, काम करायचं. ६७-६८ असेल तर आधी स्पीड, दम नंतर. कमेंटमध्ये लिहा, मी रविवारी निवांत बघते.