सुंभ आणि पीळ

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. जठराला पडलेला पीळ सोडवायच्या ऑपरेशनला तीन महिने झाले, टाके भरले, वजनही जरा वाढलं, पण रात्री पोटावर हात ठेवल्याशिवाय झोप लागत नाही, असं लिहिलंयस. तिथेच मी अडकले. माझ्या त्याच ऑपरेशनला एकोणीस वर्षं झाली, तरी कुशीवर वळले की माझा हात अजून तिथेच जातो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. आपल्या बाबतीत सर्जनने पीळ सोडवून सुंभ वाचवला, आणि तो पीळ डोक्यात जाऊन बसला.

‘माझंच काही चुकलं का’ हा तुझा प्रश्न आधी निकालात काढू. नाही चुकलं. जठर पोटात नुसतं लोंबत नसतं. वर अन्ननलिका आणि खाली लहान आतड्याचं तोंड अशी त्याची दोन टोकं बऱ्यापैकी पक्की असतात. मधल्या भागाला यकृत, प्लीहा, मोठं आतडं आणि श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा) यांच्याशी जोडणारे बंध असतात. हे बंध सैल असले, किंवा श्वासपटलातलं अन्ननलिकेच्या वाटेचं भोक मोठं असल्याने जठराचा वरचा भाग छातीत सरकला, की त्याला फिरायला वाव मिळतो. माझ्या सर्जनने मला हे समजावायला खिशातून रुमाल काढला. दोन्ही टोकं चिमटीत धरली, मधला भाग गरगर फिरवला आणि म्हणाले, “टोकं जागेवरच आहेत, बघा. पण आता यातून काही पुढे जाईल का?” चार रिपोर्ट वाचून कळलं नव्हतं ते त्या चुरगळलेल्या रुमालाने कळलं.

हा आजार बहुतेक करून पन्नाशीपुढच्या माणसांत नाहीतर अगदी तान्ह्या बाळांत सापडतो. त्यामुळे तरुण माणूस पोट धरून आला की समोरच्याच्या तोंडी पहिला शब्द येतो तो ॲसिडिटी. मी दोन वर्षं त्या गुलाबी औषधाच्या बाटल्या रिकाम्या केल्या. आता राग नाही. जे क्वचित दिसतं ते चटकन सुचत नाही. पण यातून एक गोष्ट शिकले आणि तीच तुला सांगायची आहे: आपल्या पोटाची हकीकत आपल्याला स्वतः सांगता आली पाहिजे, तीही तीन ओळींत. रात्री दोन वाजता इमर्जन्सीत बसलेल्या डॉक्टरला तुझी फाइल वाचायला वेळ नसतो. एका कार्डावर लिही: काय झालं होतं (गॅस्ट्रिक व्हॉल्व्युलस, म्हणजे जठराला पीळ), कोणतं ऑपरेशन कधी झालं, जठर पुन्हा फिरू नये म्हणून कुठे शिवलंय आणि जठराच्या वरच्या भागाचं अन्ननलिकेभोवती वेटोळं घातलंय का. डिस्चार्ज कार्डावर हे अर्धवट असतं, म्हणून ऑपरेशन नोटची प्रत मागून घे. ती मागताना संकोचू नकोस, तुझंच पोट आहे ते. पुढे कधी कुणी एंडोस्कोपी करायची म्हणालं किंवा नाकातून नळी घालायची वेळ आली, तर आधी ते कार्ड दाखवायचं.

आता भीतीबद्दल. प्रत्येक कळ म्हणजे पीळ नव्हे. बोर्खार्ट नावाच्या सर्जनने १९०४ साली तीन खुणा सांगितल्या, त्या आजही शिकवल्या जातात: बेंबीच्या वरच्या भागात अचानक जोराची कळ, उलटीचे उमाळे येऊनही बाहेर काही न पडणं, आणि नाकातून घातलेली नळी जठरात न उतरणं. तिसरी खूण दवाखान्यात कळते, पण पहिल्या दोन तुझ्या हातात आहेत. त्या दोन्ही एकत्र आल्या की घरी कूस बदलत बसायचं नाही, कुणाला तरी सोबत घेऊन सरळ निघायचं. पिळलेल्या जठराचा रक्तपुरवठा तुटू शकतो, तिथे तास मोजले जातात. रक्ताची उलटी किंवा काळी शी झाली तरी तेच. नुसता फुगारा, गुडगुड, चार घासांत पोट भरणं, हे मात्र आपल्या रोजच्या सोबत्यांपैकी आहेत. मी सुरुवातीला वही ठेवली होती: काय खाल्लं, किती वेळाने दुखलं, कशाने थांबलं. दोन महिन्यांनी ती इतकी कंटाळवाणी झाली की आपोआप सुटली. कंटाळा आला तेव्हा मला खरा धीर आला.

खाण्याचं फार सांगत नाही, आहारतज्ज्ञाने सांगितलंच असेल. थोडं थोडं, पाच-सहा वेळा, घास चावून चावून. फसफसणारी पेयं नकोत, कारण वेटोळं घातलेलं असलं तर ढेकर सहज निघत नाही आणि आत गेलेली हवा तिथेच फुगत बसते. ‘सोडा पी, मोकळं वाटेल’ म्हणणारी प्रेमळ माणसं तुला जन्मभर भेटतील, हसून नाही म्हणायचं. एखादा घास छातीत अडकल्यासारखा वाटला तर वर पाणी ढकलू नकोस. थांब, उभा राहा, दोन पावलं चाल. पहिले काही आठवडे सुजेमुळे असं होतं आणि हळूहळू ओसरतं. तुझं अजून तसंच असेल किंवा वाढत असेल, तर सर्जनला फोन कर.

ऑपरेशननंतर खांदा दुखत होता आणि तू हार्ट अटॅक समजून घाबरलास, हे वाचून मला हसू आलं, माफ कर. मीही रात्रभर जागी होते. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, त्याने श्वासपटल चुरचुरतं. त्याची नस आणि खांद्याच्या नसा मानेत शेजारी शेजारी निघतात, म्हणून दुखणं पोटातलं आणि कळ खांद्यात. पण तेव्हा विचारलंस ते बरोबरच केलंस.

जड वजन कधीपासून उचलायचं ते सर्जनलाच विचार, मित्रांना नाही. शिवण आतून धरेपर्यंत जोरदार खोकला आणि बद्धकोष्ठही अंगावर काढू नकोस. अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेत जाऊ नकोस, जठराच्या अस्तराला त्या सोसत नाहीत.

पुढच्या आठवड्यात बेरियमची तपासणी आहे ना, ते पांढरं औषध पिऊन एक्स-रेच्या पडद्यावर बघतात ती? खडू कालवल्यासारखं लागतं ते. गार मिळत असेल तर गार माग. आणि तंत्रज्ञाला विनंती कर, पडदा तुझ्याकडे जरा वळवायला. पहिल्या वेळी माझं पांढरं छातीतच साचून राहिलं होतं. ऑपरेशननंतर ते घशातून निघालं आणि एका रेषेत खाली उतरून जठरात पसरलं, तेव्हा मी इतक्या मोठ्याने “गेलं!” म्हणाले की तंत्रज्ञ म्हणाले, बाई, हलू नका.

तुझी,
एक जुनी पेशंट