खुबा दुखतो, पण नेमका कुठे?

प्रश्न : वय ५८. तीन महिन्यांपासून उजवा खुबा दुखतो. संधिवात असेल का?

उत्तर : आधी दुखरी जागा बोटाने दाखवा. खुब्याचा सांधा खोल असतो; तो झिजला, म्हणजे झिजेचा संधिवात झाला, की बहुधा जांघेत दुखतं, कळ कधी गुडघ्यापर्यंत उतरते. मांडी घालणं जड जातं, सकाळचा आखडलेपणा साधारण अर्ध्या तासात सुटतो. असं असेल तर एक्स-रे काढा. बाहेरच्या बाजूला, त्या कुशीवर झोपल्यावर दुखत असेल तर दोष बहुधा तिथल्या कंडरांचा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांचा. पोटरीखाली मुंग्या येत असतील तर कमरेचा. पूर्वी स्टिरॉइड भरपूर घेतलेत? मग खुब्याच्या गोळ्याचा, म्हणजे मांडीच्या हाडाच्या वरच्या गोल टोकाचा, रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. सुरुवातीला हा बिघाड एक्स-रेत दिसत नाही, एमआरआय लागतो. पडल्यावर पाय टेकवेना किंवा दुखण्यासोबत ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.