'पोस्ट' आणि 'पुट' एका शीर्षकाखाली ठेवू नका

आपण लिहिले आहे की, ग्रंथालयातील नोकरीनंतर आता एका कंपनीच्या एपीआयच्या (एका प्रोग्रॅमने दुसऱ्याशी देवाणघेवाण करण्याच्या व्यवस्थेच्या) दस्तऐवजांची दोनशेहून अधिक पाने नीट लावायची आहेत, पण निम्म्या संज्ञा अनोळखी असल्याने कोणते पान कोणत्या विभागात जावे हेच उमगत नाही. नऊ वर्षांपूर्वी माझी अवस्था हीच होती, म्हणून सविस्तर लिहिते.

रिक्वेस्ट (सर्व्हरकडे केलेली मागणी), रिस्पॉन्स (त्याचे उत्तर) वगैरे आपण वाचलेच असेल. मला सर्वांत महागात पडलेली चूक अशी: वेबवर रिक्वेस्ट करण्याच्या 'पोस्ट' आणि 'पुट' या दोन्ही पद्धती माहिती पाठवतात, एवढ्याच साम्यावरून मी त्यांची पाने 'माहिती पाठवणे' या शीर्षकाखाली एकत्र केली आणि 'आयडेम्पोटंट' हा शब्द असलेले वाक्य बोजड वाटल्याने गाळले. सगळा फरक त्या वाक्यातच होता. तीच 'पुट' रिक्वेस्ट एकदा पाठवली काय किंवा पाच वेळा, सर्व्हरवरचा अपेक्षित परिणाम एकच राहतो, यालाच 'आयडेम्पोटंट' म्हणतात; 'पोस्ट'ला ही हमी नाही. परिणामी टाइमआउट झाल्यावर, म्हणजे ठरल्या वेळेत उत्तर न आल्यावर, आमच्या पानावर विसंबून ज्यांनी 'पोस्ट' पुन्हा पाठवली, त्यांच्याकडे एकाच ऑर्डरच्या दोन-दोन नोंदी झाल्या. ते निस्तरण्यात दीड महिना गेला. हा फरक मी संबंधित विभागाला आधी तीनदा विचारला होता आणि तिन्ही वेळा 'कोडमध्ये सगळे आहे' एवढेच उत्तर मिळाले होते. दस्तऐवज लावणाऱ्याला असे उत्तर देणे हा बेजबाबदारपणा आहे, असे मला आजही वाटते.

त्यामुळे माझे मत ठाम आहे: जी संकल्पना स्वतः चालवून पाहिली नाही, तिचे पान हलवू नये. चाचणीच्या सर्व्हरवर 'कर्ल'ने (रिक्वेस्ट पाठवण्याच्या छोट्या प्रोग्रॅमने) तीच रिक्वेस्ट दोनदा पाठवावी आणि किती नोंदी झाल्या ते मोजावे. 'ऑथेंटिकेशन' (आपण कोण हे पटवणे) आणि 'ऑथरायझेशन' (काय करण्याचा अधिकार आहे हे ठरवणे) यांचेही तसेच. टोकनशिवाय (ओळख पटवणाऱ्या सांकेतिक मजकुराशिवाय) विचारल्यास उत्तरात साधारणपणे ४०१ हा कोड येतो, वैध टोकनाने अधिकाराबाहेरचे मागितल्यास ४०३. काही सर्व्हर मात्र ती गोष्ट अस्तित्वात आहे हेच लपवण्यासाठी ४०४ ('सापडले नाही') देतात, तेव्हा गोंधळू नये.

माझा अनुभव वेब एपीआयपुरता आहे, तेवढे लक्षात घ्यावे. विभागाकडून उत्तर मिळत नसेल, तर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ९११० या वेब-रिक्वेस्टच्या नियमांच्या मानक दस्तऐवजातील ९.२.२ हे छोटे कलम वाचावे; मला तीनदा नाकारलेले उत्तर आता तिथे काही ओळींत मिळते.