नर्सची माया मोजता येते का? ग्रामीण रुग्णालयात त्यासाठी कोणती प्रश्नावली वापरू?

प्रोजेक्टसाठी विचारताय हे कळलं, म्हणून आधी तेवढं देऊन टाकते. 'केअरिंग बिहेव्हियर्स इन्व्हेंटरी' म्हणजे नर्सच्या मायेची वागणूक मोजणारी प्रश्नावली, तिची २४ प्रश्नांची आवृत्ती घ्या. उत्तराला सहा पायऱ्या आहेत, 'कधीच नाही'पासून 'नेहमी'पर्यंत. नर्सिंगमधल्या मायेची थिअरी मांडणाऱ्या जीन वॉटसनचे १० घटक (१९७९) थिअरीच्या प्रकरणात टाकालच. फक्त आमच्याकडच्या एखाद्या म्हाताऱ्याला सहा पायऱ्या विचारून बघा. त्याच्याकडे दोनच असतात, "बरी हाये" आणि "बरी नाई". विचारणारी दवाखान्याच्या कपड्यात असली की एकच उरते.

आता मी का लिहितेय ते. याच विषयात मला नापास केलेलं आहे.

यवतमाळ जिल्ह्यातलं ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय, ऑक्टोबर, फवारणीचे दिवस. रातपाळीला मी, एक डॉक्टर आणि शिपाईमामा. साडेनऊला दोघांनी मोटारसायकलवर मधात बसवून एक पोरगं आणलं, बाविशीचं. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, त्यात उभं राहून दिवसभर पंप मारलेला. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, पोटऱ्या आपोआप फडफडत होत्या. शर्ट औषधानं आणि घामानं चिंब. मी कात्रीनं कपडे कापले आणि त्याला साबण लावून डोक्यापासून धुतलं. माय ओरडली, "काहून वो बाई, पोरगं कुडकुडून राह्यलं अन् तुमी त्याले नागवं करता? माया हाये का नाई तुमाले?" मी तिला खांद्याला धरून वॉर्डाबाहेर काढलं आणि दार लावून घेतलं.

मग अ‍ॅट्रोपिन, या विषावरचा उतारा. एका अ‍ॅम्प्यूलमध्ये ०.६ मिलिग्रॅम. डॉक्टरांनी दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट करायला सांगितलेला, छातीतली घरघर थांबून नाडी ८०च्या वर येईपर्यंत. काच फोडून फोडून अंगठा चिरला. रिकाम्या अ‍ॅम्प्यूल किडनी ट्रेमध्ये दहा-दहाच्या रांगेत मांडत गेले, कारण लिहायला हात मोकळा नव्हता, हिशेब तोच. आणि दर खेपेला त्याच्या काखेत हात घालायचा. काख ओली असेल तर विष अजून वरचढ, कोरडी झाली की पुरे. नुसत्या बाहुल्यांवर भरवसा नको, त्या उशिरा मोठ्या होतात. अकराला काख कोरडी लागली. एकला परत ओली. परत तेच सगळं. अडीचनंतर कोरडी राहिली, तेव्हा उलटी भीती सुरू झाली, कारण डोस जास्त झाला की माणूस बरळतो, चादर चिमटत बसतो, अंग तापतं. उजाडेपर्यंत मी त्या खाटेचा कठडा सोडला नाही. बाकीच्या अकरा पेशंटकडे मामा बघत होते, हेही खरं.

सकाळी आठला इन्चार्ज मॅडम आल्या. मायच्या शेजारी बाकावर बसल्या, तिचा हात हातात घेतला, चहा मागवला. पोराला दवाखान्यातून सुटी झाली त्या दिवशी मायनं पुतण्याकडून अभिप्राय लिहून घेतला: रातची सिस्टर कडक आहे, सकाळची मॅडम देवमाणूस. मॅडमनी तो कागद मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर वाचला. "कामाला चांगली आहेस गं तू, पण ममत्व नाही तुझ्यात." बारा वर्षं झाली या वाक्याला.

तेव्हा उत्तर सुचलं नाही. पुढे पोस्ट बेसिक, म्हणजे नर्सिंगचं पुढचं शिक्षण, करताना सापडलं. पॅट्रिशिया लार्सन नावाच्या अमेरिकन नर्सनं १९८४ मध्ये कर्करुग्णांच्या हातात ५० पत्ते दिले, प्रत्येकावर नर्सची एकेक वागणूक, आणि क्रम लावायला सांगितलं. इंजेक्शन-सलाईन नीट देता येणं, डॉक्टरला कधी बोलवायचं ते कळणं, असलं काहीबाही वर आलं. पुढे नर्सना तेच विचारलं तर त्यांनी ऐकून घेणं, स्पर्श करणं वर ठेवलं. म्हणजे ममत्वाचं कौतुक आम्हालाच जास्त. खाटेवरच्याला आधी जगायचं असतं.

तरी एक कबूल करते. मायला बाहेर काढण्याआधी "औषध कातडीतून आत जातं, म्हणून धुते" एवढं सांगायला मला चार सेकंदं लागली असती. बाळंतपणाच्या टेबलावर पहिलटकरणींवर मी खेकसलेही आहे. २०१७ मध्ये बाळंतपणाची खोली सुधारायचा सरकारी 'लक्ष्य' कार्यक्रम आला, सोबतीची बाई आत घ्या म्हणाले, तेव्हा माझी जीभ थोडी आवरली. तिथे कडकपणाचं काही कामच नव्हतं.

आता तुमच्या प्रोजेक्टचं. प्रश्नावली वाटाच, पण परवानगी काढून जुने टीपीआर (ताप-नाडी-श्वास) तक्तेही बघा, रात्री दोन ते सहाचे. एखाद्या खाटेची नाडी ८८, मग १०४, मग खोडून ११०, शाईवर पाण्याचा थेंब, असं दिसलं की समजा तिथे कुणीतरी उठून मनगट धरलं होतं. सगळ्या खाटांची नाडी ८०, श्वास २०, ताप ९८.४, आणि सगळं एकाच दमात लिहिलेलं असेल, तर तेही समजून जा. आमच्या मॅडम इन्चार्ज व्हायच्या आधी रातपाळ्या करायच्या, त्यांचे तक्ते बघण्यासारखे आहेत. रेकॉर्ड रूममध्ये उंदरांनी ठेवले असतील तर.